हॉकीतले पोट्टे मोठे होतात कसे

डिसेंबर २०१३. दिल्लीत ज्युनिअर वर्ल्ड कप होता. मैदान घरचं, प्रेक्षक घरचे, आणि भारत दहावा आला. कॅप्टन होता मनप्रीत सिंग. तीन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, हीच स्पर्धा लखनौला झाली आणि भारताने फायनलमध्ये बेल्जियमला २-१ असं हरवून कप जिंकला. या वेळी कॅप्टन होता हरजीत सिंग. आता थेट ऑगस्ट २०२१ मध्ये या. टोकियोत जर्मनीला ५-४ ने हरवून भारताने ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिम्पिक पदक मिळवलं. त्या संघाचा कॅप्टन मनप्रीत होता. हरजीत संघातच नव्हता.

म्हणजे दहाव्या आलेल्या पोरांचा कॅप्टन ब्राँझ घेऊन आला आणि जगज्जेत्या पोरांचा कॅप्टन टोकियोला गेलाच नाही. लखनौच्या फायनलनंतर 'यातला पुढचा मोठा खेळाडू कोण' असं कुणी विचारलं असतं, तर बहुतेकांनी हरजीतचंच नाव घेतलं असतं. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण ज्युनिअर हॉकीकडे बघताना आपण सहसा कप आणि गोल बघतो. सिनिअर संघात कोण जाणार हे त्यावरून फारसं ठरत नाही. ते बरंचसं ठरतं जागेवरून. पोरगा कोणत्या जागेवर खेळतो, त्या जागेवर सध्या कोण आहे, आणि तो किती वर्षं हलणार नाही, यावरून.

आपल्या नागपुरात तरुण खेळाडूंवर नजर ठेवायची सवय लोकांना आहे, फक्त ती क्रिकेट आणि बुद्धिबळापुरती. त्या दोन्ही खेळांत काम सोपं असतं, कारण आकडा हातात मिळतो. विदर्भाने २०२४-२५ ची रणजी जिंकली तेव्हा हर्ष दुबेच्या एका सीझनमधल्या ६९ विकेट कुणाला समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकला त्याच्या कितीतरी आधीपासून तिचं रेटिंग कुठवर आलंय हे महिन्याच्या महिन्याला बघता येत होतं. हॉकीत असं काही नाही. साठ मिनिटांचा सामना संपतो आणि सामान्य माणसाच्या हाती एवढंच येतं: गोल कुणी केले, कितव्या मिनिटाला केले, ते मैदानी होते की पेनल्टी कॉर्नरवरचे, आणि कार्ड कुणाला दाखवलं. सेंटर हाफला, म्हणजे मैदानाच्या मधोमध, खेळणाऱ्या पोराने अख्खा सामना ओढून नेला असला, तरी त्या कागदावर त्याच्या नावापुढे काहीच नसतं.

म्हणून आधी तो कागद वाचायला शिकू या.

समजा एखाद्या ज्युनिअर स्पर्धेत एका पोराच्या नावावर आठ गोल आहेत. पहिला प्रश्न: त्यातले पेनल्टी कॉर्नरवर किती? पेनल्टी कॉर्नर म्हणजे गोललाइनवरून एक जण चेंडू आत ढकलतो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर दुसरा तो थांबवतो, तिसरा मारतो. समोर गोलकीपर धरून बचावाला पाचच जण. पहिला फटका सरळ हिट असेल, तर चेंडू गोलच्या फळीच्या उंचीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू काठीने ओढत नेऊन भिरकावण्याला, मात्र ही अट नाही, ती वरच्या कोपऱ्यातही जाऊ शकते. म्हणून आजच्या हॉकीत चांगला ड्रॅग फ्लिकर सोन्याच्या भावाचा असतो. पण त्याच्या आठ गोलांत चेंडू ढकलणाऱ्याचा आणि थांबवणाऱ्याचा वाटा किती, आणि मुळात ते कॉर्नर डीमध्ये घुसून मिळवले कुणी, हे कागद सांगत नाही. आपल्याकडे कॉर्नर 'मिळतो' असं म्हणतात. खरं तर कुणीतरी फॉरवर्ड गर्दीत शिरतो, बचावपटूच्या पायावर चेंडू घालतो (डीमध्ये तो फाउल धरतात) आणि तो कॉर्नर कमावतो. असं वारंवार करणाऱ्या पोराचं नाव मी गोल करणाऱ्याच्या आधी लिहून ठेवतो.

दुसरा प्रश्न: गोल कुणाविरुद्ध झाले? ज्युनिअर स्पर्धांत संघांमधली तफावत मोठी असते. दहा-बारा गोलांचे एकतर्फी सामने होतात, तिथे चार गोल करणाऱ्याचं कौतुक बेताचंच करावं. २०२४ च्या ज्युनिअर आशिया कपच्या फायनलमध्ये मस्कतला भारताने पाकिस्तानला ५-३ ने हरवलं आणि अराईजीत सिंग हुंदलने एकट्याने चार गोल केले. दडपणाच्या सामन्यातले, बरोबरीच्या संघाविरुद्धचे चार. हे वजनदार. साखळीत दुबळ्या संघाला मारलेले सहासुद्धा याच्यासमोर हलके.

तिसरा प्रश्न कागदाबाहेरचा आहे, त्यासाठी सामना बघावा लागतो: चेंडू काठीशी नसताना पोरगा काय करतो? हॉकीत एका खेळाडूकडे चेंडू असतो तो काही सेकंद, उरलेला सगळा वेळ तो चेंडूशिवाय पळत असतो. दोन गोष्टी बघा. चेंडू यायच्या आधी तो मान वळवून मागे बघतो का? आणि चेंडू हिसकावला गेला की त्याची पहिली तीन पावलं कुठे पडतात? हात कमरेवर जातात की तो लगेच मागे वळून पाठलाग करतो? ड्रिबलिंग बघून टाळ्या पडतात, मीही वाजवतो. पण चार जणांना चकवून पाचव्याला चेंडू देऊन बसणारे पोट्टे प्रत्येक गावात सापडतात.

आपल्याकडे यात मैदानाची भर पडते. मुरमाच्या किंवा गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडतो, त्यामुळे तिथे वाढलेल्या पोरांचं मनगट फार सुंदर असतं; चेंडू काठीला चिकटवून ठेवायची सवयच लागते. टर्फवर चेंडू पाण्यावरून सरकल्यासारखा येतो आणि विचार करायला वेळ उरत नाही. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावरच होते, आणि भारताला त्या बदलाशी जुळवून घ्यायला कित्येक वर्षं लागली. अख्ख्या देशाला जे जड गेलं ते सतरा वर्षांच्या पोराला चार महिन्यांत जमावं असं म्हणणं बरोबर नाही. शालेय स्पर्धेत मुरमावर चमकलेला मुलगा टर्फवर पहिल्यांदा उतरतो तेव्हा हमखास बावचळतो. त्या पहिल्या स्पर्धेवरून त्याच्याबद्दल मत बनवू नये. टर्फवरच्या दुसऱ्या वर्षी तो कसा खेळतो ते बघावं.

आता शिडी. नागपूरच्या शाळेतल्या मुलासाठी ती तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाते. नेहरू हॉकी स्पर्धेची वाट वेगळी, ती दिल्लीला पोचते. दुसरीकडे हॉकी इंडियाच्या सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा असतात, जिथे राज्यांचे आणि अकादमींचे संघ उतरतात. या स्पर्धांतून राष्ट्रीय शिबिराला पोरं बोलावली जातात, शिबिरातून ज्युनिअर भारतीय संघ निवडला जातो, आणि मग सुलतान ऑफ जोहोर कप, ज्युनिअर आशिया कप, ज्युनिअर वर्ल्ड कप. बघणाऱ्याने यातली एकच पायरी नीट धरायची असेल तर शिबिराची यादी धरावी. संघ अठरा-वीस जणांचा असतो, शिबिराची यादी त्याच्या दुप्पट तरी. संघातून वगळलेला पण पुढच्या तीन शिबिरांना सलग बोलावलेला पोरगा म्हणजे कोचच्या डोक्यात बसलेला पोरगा. एका स्पर्धेत चमकून पुढच्या दोन शिबिरांतून गायब झालेलं नाव असेल, तर बहुतेक वेळा दुखापत किंवा फिटनेस.

वयाचा भाग थोडा विस्ताराने सांगावा लागेल, कारण इथे डोळे सर्वांत जास्त फसतात.

ज्युनिअर वर्ल्ड कप २१ वर्षांखालच्यांचा. २०१६ साठी १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं पात्र होती. आता लखनौच्या संघातल्या दोघांच्या जन्मतारखा बघा. मनदीप सिंग २५ जानेवारी १९९५, गुरजंत सिंग २६ जानेवारी १९९५. जन्म महिनाभर आधी झाला असता तर दोघेही त्या कपला मुकले असते, आणि फायनलमधला पहिला गोल गुरजंतचाच होता. वयोगटाची रेघ १ जानेवारीला ओढली की जानेवारीतला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. विशीत त्याने फरक पडत नाही. चौदाव्या वर्षी मात्र एक वर्ष म्हणजे उंची, खांदे आणि पळण्याची ताकद, सगळंच. निवड करणाऱ्याला मोठा मुलगा 'चांगला' दिसतो. तो निवडला जातो, त्याला बरा कोच मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि मग तो खरोखरच चांगला होतो. हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवून दिलं ते कॅनडात, बर्फावरच्या हॉकीच्या खेळाडूंच्या जन्ममहिन्यांवरून. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम १९८५ मधलं.

पण याचं उलटं टोकही त्याच लखनौच्या संघात होतं. सुमितचा जन्म २० डिसेंबर १९९६ चा, सिमरनजीत सिंगचा २७ डिसेंबर १९९६ चा. दोघे आपापल्या वर्षात सगळ्यांत धाकटे, तरी टिकले. फायनलमधला दुसरा गोल सिमरनजीतचा. राणी रामपालचा जन्मही डिसेंबरचाच, ४ डिसेंबर १९९४. तरी ती १५ व्या वर्षी २०१० च्या सिनिअर वर्ल्ड कपमध्ये खेळली आणि तिथे सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरली. म्हणून मी सब-ज्युनिअर यादी बघताना ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांच्या नावापुढे छोटी खूण करतो. अंगाने लहान असूनही जो पोरगा त्या गर्दीत टिकला, त्याच्याकडे अंगापलीकडचं काहीतरी असतं.

हे सगळं अर्थात कागदावरची जन्मतारीख खरी असली तर. आपल्याकडे वयचोरी सगळ्याच खेळांत आहे. तिच्याविरुद्ध २०१० मध्ये राष्ट्रीय आचारसंहिता आली, मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासलं जातं, तरी ती पुरती संपलेली नाही. चौदा वर्षांखालच्या सामन्यात दाढी राखलेला फुल बॅक दिसला की आपण हसतो. त्याच्यापुढे खेळणाऱ्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला मात्र ते हसण्यासारखं नसतं. तो त्या वर्षी निवडला जात नाही, आणि पुष्कळदा पुढच्या वर्षी येतच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, जागेकडे.

भारतीय हॉकीत याचं सर्वांत बोलकं उदाहरण गोलकीपरचं आहे. पी. आर. श्रीजेश सिनिअर संघात आला २००६ मध्ये आणि निवृत्त झाला २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर. ऑलिम्पिकचा संघ सोळा जणांचा, त्यात गोलकीपर सहसा एकच. कृष्ण बहादुर पाठक २०१६ चा ज्युनिअर जगज्जेता. २०१८ मध्ये सिनिअर संघात आला आणि तेव्हापासून भरपूर खेळला. पण टोकियोच्या सोळांत गोलकीपर म्हणून श्रीजेश, पॅरिसच्या सोळांतही श्रीजेश, आणि पाठक राखीव. पाठक कमी पडला का? मुळीच नाही. रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर तुमचा नंबर पहिला असला, तरी पुढच्याने तिकीट रद्द केल्याशिवाय बर्थ मिळत नाही, तेवढंच ते होतं.

या कथेत आपल्या विदर्भाचंही एक पान आहे. २०१७ मध्ये श्रीजेश गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, तेव्हा ढाक्याच्या आशिया कपला भारताचे दोन गोलकीपर होते यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. दोघेही महाराष्ट्राचे. भारताने फायनलमध्ये मलेशियाला २-१ ने हरवून तो आशिया कप जिंकला. एरवी 'महाराष्ट्राला हॉकीत कोण विचारतं' असं म्हणणाऱ्यांना मी हे हमखास ऐकवतो. पण त्यातही शिकायचं तेच: दार उघडलं ते वर एक जागा रिकामी झाली म्हणून, आणि त्या वेळी हे दोघे तयार होते म्हणून.

हरजीतचं कोडंही मला असंच सुटतं. तो मिडफिल्डर. २०१६ नंतर भारताच्या मिडफिल्डमध्ये आधीपासूनचा मनप्रीत होता, लखनौच्याच संघातले नीलकांत शर्मा आणि सुमित होते, आणि मागून त्याच्यापेक्षा लहान दोघे झपाट्याने आले: १९९८ चा हार्दिक सिंग आणि २००० चा विवेक सागर प्रसाद. टोकियोच्या यादीत हे पाचही जण आहेत. एखाद्या पिढीत एका जागेला इतकी गर्दी होते की चांगला खेळाडूही बाहेर राहतो. दुसरी जागा त्याच वेळी ओस पडलेली असते. लखनौच्या संघातले एकूण सात जण टोकियोला पोचले: हरमनप्रीत, मनदीप, वरुण कुमार, गुरजंत, सिमरनजीत, सुमित आणि नीलकांत. त्यातले वरुण आणि सिमरनजीत मूळ सोळांत नव्हतेच, राखीव होते. कोविडमुळे नियम सैल झाला आणि राखीव खेळाडूंनाही उतरवता आलं. ब्राँझच्या त्या सामन्यात सिमरनजीतने दोन गोल केले. जागा कधी कशी उघडेल, याचा खरंच नेम नाही.

सात हा आकडा मोठा आहे. एका ज्युनिअर संघातून दोन-तीन जण सिनिअर संघात स्थिरावले तरी भरपूर म्हणायचं. २००१ चा संघ आठवा. होबार्टला भारताने फायनलमध्ये अर्जेंटिनाला ६-१ असं तुडवलं होतं. गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग. त्या पोरांवर अख्खा देश भाळला होता. सात वर्षांनी भारत बीजिंग ऑलिम्पिकला पात्रसुद्धा ठरला नाही. जुगराजची कारकीर्द २००३ मधल्या मोटार अपघाताने मोडली, पण एका अपघाताने संघ बुडत नाही. पोरं होती, त्यांना धरून ठेवणारी व्यवस्था नव्हती: कोच येत-जात राहिले आणि एकवीस ते पंचवीस या वयातल्यांना मोठे सामने मिळत नव्हते. एकविसाव्या वर्षी ज्युनिअर हॉकी संपते, बहुतेक खेळाडू भरात येतात चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी. मधली तीन-चार वर्षं पोरगा कुठे खेळतो, काय खातो, पगार कोण देतो, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून भारतीय हॉकीत नोकरी ही बातमी असते. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, बँका, सैन्यदलं, पोलिस यांच्या क्रीडा कोट्यातून पोरं लागतात. नागपूर हे मध्य रेल्वेचं आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, दोन्ही विभागांचं ठाणं, त्यामुळे 'अमक्याचा पोरगा स्पोर्ट्स कोट्यात रेल्वेत लागला' हे वाक्य आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. ज्युनिअर खेळाडूला एकोणीस-वीसच्या वयात अशी नोकरी लागली, तर तो आणखी पाच-सात वर्षं तरी खेळत राहणार असं धरा. नाही लागली, तर घरची परिस्थिती काय आहे यावर त्याचं हॉकी उभं. अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत हे वेगळं असतं. तिथे दर वर्षी ड्राफ्ट होतो, अठराच्या आसपासच्या पोरांना व्यावसायिक संघ क्रमाने निवडतात आणि पोरगा ज्युनिअर लीगमध्ये खेळत असतानाही त्याच्यावरचा हक्क त्या संघाकडे राहतो. त्यामुळे चाहत्यांना 'आपल्या' पोरांची यादीच हाती मिळते. तरी पोरं हेरणाऱ्या एवढ्या स्काउट मंडळींच्या नजरेतून पावेल दात्स्युक १९९८ मध्ये थेट १७१ व्या क्रमांकापर्यंत सुटला, आणि पुढे तो त्याच्या काळातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक ठरला. तेव्हा आपल्याकडच्या निवडकर्त्यांवर फार दात खाऊ नयेत.

आपल्याकडे ड्राफ्टच्या जवळ जाणारं जे आहे ते हॉकी इंडिया लीगचं ऑक्शन. २०१७ नंतर बंद पडलेली लीग २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. ड्रॅग फ्लिकर हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली आणि सगळ्या बातम्या त्याच्याच झाल्या. मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो संघरचनेचा नियम: त्या मोसमात चोवीस जणांच्या संघात किमान सोळा भारतीय आणि त्यात चार ज्युनिअर हवेच होते. अशा पोरांना रोज जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रेलियाच्या सिनिअर खेळाडूंबरोबर सराव मिळतो. २००१ च्या पोरांना मधल्या वर्षांत जे मिळालं नाही, त्यातलं थोडं तरी यातून भरून निघतं. फक्त एक काळजी घ्या. पोरगा संघात असणं वेगळं आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये एका गोलची आघाडी असताना कोचने त्याला मैदानात ठेवणं वेगळं. हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत मैदानात कोण आहे, यावरून कोचचा विश्वास कुणावर आहे ते कळतं. टीव्हीवर ही दहा मिनिटं बघितली तरी पुरे.

पोरं येतात कुठून, हेही एकदा नकाशावर बघण्यासारखं आहे. ओडिशातला सुंदरगड, झारखंडमधले सिमडेगा आणि खुंटी, पंजाबात जालंधरच्या आसपासचा पट्टा. हरमनप्रीत अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवालचा, घडला जालंधरच्या सुरजीत अकादमीत. आपल्या सर्वांत जवळचं नाव विवेक सागर प्रसादचं. तो इटारसीचा, नागपूरहून दिल्लीची गाडी पकडली की वाटेत लागणारं जंक्शन. ध्यानचंदांचे चिरंजीव अशोक कुमार यांच्या नजरेत तो भरला आणि भोपाळच्या अकादमीत गेला. १७ व्या वर्षी सिनिअर संघात आला, टोकियोचं ब्राँझ घेऊन परतला, आणि त्यानंतर २०२१ च्या अखेरीस भुवनेश्वरला ज्युनिअर वर्ल्ड कपमध्ये कॅप्टन म्हणून उतरला. शिडी अशी उलटीही चढता येते. महाराष्ट्रात मुलींच्या बाबतीत असा पट्टा सातारा जिल्ह्यात तयार झालाय, विशेषतः फलटणकडे: वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ तिथल्याच. विदर्भात अजून असा पट्टा नाही, सुटी सुटी नावं आहेत. एखादा जिद्दी कोच, एक बरं मैदान आणि पहिली यशस्वी मुलगी एवढ्यावर तालुका पेटतो, हे फलटणने दाखवलंय. आपल्याकडे तसं काही घडलं तर ते नागपूर शहरात घडेल असं मला वाटत नाही. शहरातलं क्रिकेट बाकी खेळांना श्वास घेऊ देत नाही.

या सगळ्या कसोट्या २०२५ च्या पोरांना लावून बघू. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चेन्नई आणि मदुराईला ज्युनिअर वर्ल्ड कप झाला. भारत सेमीफायनलला जर्मनीकडून ५-१ असा हरला आणि मग ब्राँझच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल करून ४-२ ने जिंकला. कोच श्रीजेश. या संघातल्या शारदानंद तिवारी आणि अनमोल एक्का यांचं नाव कॉर्नरवरच्या गोलांमुळे पुढे येतं. त्यांच्या जागेवर आज हरमनप्रीत आहे, पॅरिसमध्ये दहा गोल करून स्पर्धेत पहिला आलेला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला तो ३२ वर्षांचा असेल, म्हणजे ड्रॅग फ्लिकरसाठी म्हातारा नव्हे. या दोघांना आत यायचं असेल तर नुसत्या फ्लिकवर भागणार नाही, बचावपटू म्हणून साठ मिनिटं उभं राहता आलं पाहिजे. तेव्हा यांचे गोल मोजू नका, समोरचा फॉरवर्ड यांच्या बाजूने किती वेळा आत घुसला ते मोजा. मिडफिल्डमध्ये चित्र वेगळं आहे. मनप्रीत २०२८ ला ३६ चा असेल, ती जागा केव्हा ना केव्हा मोकळी होणारच, आणि तिथे आत्ताच गर्दी नाही. सेंटर हाफला खेळणाऱ्या कुठल्याही वीस वर्षांच्या पोरावर मी सध्या सर्वांत जास्त लक्ष ठेवेन, मग त्याच्या नावावर एकही गोल नसला तरी चालेल.

आणि गोलकीपर. क्वार्टर फायनलला बेल्जियमविरुद्ध शूटआउटमध्ये प्रिन्सदीप सिंगने संघाला वाचवलं आणि तो रातोरात सगळ्यांना माहीत झाला. पाठक १९९७ चा, लॉस एंजेलिसला ३१ चा असेल. श्रीजेश ३६ व्या वर्षापर्यंत खेळला होता.